दम आधी येतो, गुडघा मागून

बेळगावात शहापूरहून गावात जायचं तर कपिलेश्वर उड्डाणपूल लागतो. स्कूटरवरून जाताना तिथं चढ आहे हे मला वीस वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं. अठ्ठेचाळीस पुरी झाल्यावर माळ्यावरची जुनी बिनगिअरची सायकल खाली काढली, हवा भरली आणि पहिल्याच सकाळी पुलावर घातली. निम्म्यात उतरलो. छातीत लोहाराचा भाता चाललेला. मागून भाजीचा गाडा ढकलत येणारा माणूस माझ्याकडे न बघता पुढं निघून गेला. ओळखीचे एक अण्णा फिरायला आले होते, ते म्हणाले, "सावकाश होग्री, सर्र!" म्हणजे सावकाश जा. त्यांचं कन्नड आणि आपलं मराठी, 'सावकाश' मात्र दोघांचा एकच.

घरी येऊन हिशोब मांडला. मी ७२ किलो, सायकल १६, मिळून ८८. पूल समजा आठ मीटर उंच. एवढं ओझं तेवढं वर न्यायला सुमारे ६,९०० ज्यूल ऊर्जा लागते. हे काम एका मिनिटात उरकलं तर सेकंदाला ११५ ज्यूल, म्हणजे ११५ वॅट झाले, दोन मिनिटं घेतली तर ५७. स्नायू खाल्लेल्या अन्नापैकी जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून थंडीतही शर्ट भिजतो. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला ११५ वॅट जड आणि ५७ झेपण्यासारखे. चूक पुलाची नव्हती, घाईची होती.

पण एवढा दम गेला कुठं? वयानं नेला म्हणावं, तर १९६६ सालचा अमेरिकेतल्या डॅलसचा प्रयोग आड येतो. विशीतल्या पाच तरुणांना तिथं तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे दमाचं खरं माप. ते तीन आठवड्यांत साधारण पावानं घटलं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे, पोटं सुटलेले. तरी तीस वर्षांच्या वयानं केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपेपेक्षा कमीच भरलं! मग सहा महिने चालणं, हळू धावणं आणि जागची सायकल असा व्यायाम बेतानं वाढवत नेला, तेव्हा पाचहीजणांचा मिळून सरासरी दम विशीतल्या मूळ पातळीला आला. पाच म्हणजे फार थोडी माणसं, हे खरं. पण इतकी वर्षं त्याच माणसांचा पाठपुरावा क्वचितच होतो.

गंमत पुढंच आहे. त्यांचं हृदय काही विशीतल्यासारखं जोरानं रक्त फेकू लागलं नव्हतं. आलेल्या रक्तातला ऑक्सिजन काढून घेण्यात त्यांचे स्नायू तरबेज झाले होते. पुरवठा तेवढाच, पण वाया जाणं थांबलं.

हे सगळं एकदम होत नाही. सायकल सुरू केल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो तो रक्तातला पातळ भाग. नळाला पाणी वाढावं तसं हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त मिळतं आणि तेच काम कमी ठोक्यांत होतं. त्यानंतर स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करणाऱ्या चुली, वाढू लागतात. याला काही आठवडे लागतात. जॉन होलोझी या संशोधकानं १९६७ साली उंदरांना काही महिने फिरत्या पट्ट्यावर पळवून हे दाखवलं. त्या उंदरांच्या स्नायूंतली ऑक्सिजन वापरायची ताकद जवळजवळ दुप्पट झाली होती. आणि सगळ्यांत मागून येतात ते कंडरे, स्नायू हाडाला बांधून ठेवणारे दोर. त्यांना रक्त कमी मिळतं, त्यामुळं त्यांचं बळ यायला महिने जातात.

फसगत इथंच होते. माझीही झाली. पाचव्या आठवड्यात पूल न उतरता पार केला. मग काय, वडगाव सोडून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगाला भातशेती, समोर राजहंसगड. दम साथ देतोय म्हणून रोज थोडं पुढं, थोडं जोरात. सातव्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली असं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

सायकल दुकानातल्या पोरानं बघताक्षणी निदान केलं. "काका, सीट केवढी खाली ठेवलाय! उकिडवं बसल्यागत चालवतासा की." पाय जमिनीला टेकावेत म्हणून मीच ती खाली घेतली होती. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. तासाला तीन हजारांवर फेरे होतात, प्रत्येक फेऱ्याला तो दाब. पोरानं मला भिंतीला धरून सीटवर बसवलं, पॅडल तळाला नेऊन टाच त्यावर ठेवायला सांगितली आणि पाय सरळ होईल एवढी सीट वर घेतली. चवड्यानं पॅडल मारताना मग गुडघ्याला थोडासाच बाक उरतो. पान्हा आवळून त्यानं दांड्यावर खिळ्यानं एक रेघ ओढली. "ह्याच्या खाली आणू नका."

बिनगिअरच्या सायकलीचा दोषही मला तेव्हाच उमगला. चढ सावकाश चढलं तर हृदयावरचा भार कमी होतो, पण पॅडलवर द्यायचा जोर तेवढाच राहतो. गिअर असेल तर पाय जास्त वेळा फिरतात आणि दर फेऱ्याला जोर कमी लागतो. वॅटचा हिशोब हृदय चुकतं करतं, जोराचा गुडघा. माझ्या मते पंचेचाळिशीनंतर सायकल घेणाऱ्यानं रंग नंतर बघावा, हलका गिअर आहे का ते आधी विचारावं.

मांड्या मात्र फारशा दुखल्या नाहीत, याचं नवल वाटलं. राजहंसगड पायी उतरलेल्याला विचारा, दुसऱ्या दिवशी मांड्या कशा भरून येतात. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्याचे धागे त्यानंच दुखावतात. पॅडल मारताना तो आखडत जोर लावतो, म्हणून दुखणं कमी. मात्र शरीराचं वजन सीटवर असल्यानं हाडांना धक्का बसत नाही आणि ती बळकट व्हायला तो धक्का लागतो. तेव्हा थोडं चालणं, जिने चढणं सोडता येत नाही.

साखरवाल्यांसाठी एक गोष्ट: काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरूही शकते, डॉक्टरांशी आधी बोला. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काही झालं तर तिथंच उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. वेग बरोबर आहे का हे कळायला यंत्र नको. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम लागला की पुरे.

गुडघ्यासाठी तीन आठवडे थांबलो, मग पुन्हा लहान फेऱ्यांपासून सुरुवात केली. तोवर जून उजाडला. आपल्याकडचा पाऊस एकदा धरला की सोडत नाही. सायकल तीन आठवडे व्हरांड्यात. उघडीप मिळाली तशी पुलावर गेलो, तर पुन्हा धाप! जे आधी येतं ते आधीच जातं, रक्तातलं वाढलेलं पाणी दोन आठवड्यांत ओसरतं. गुडघा मात्र गप्प होता. पुलाच्या माथ्यावर थांबून दांड्यावरची रेघ बघितली, जागेवर होती. मागून अण्णा छत्री घेऊन येत होते.