वाघिणी मिळतील, पाथ कुठून आणायचा?

कोकणकन्येने गोव्याकडे जाताना राजापूर रोडच्या आसपास उजाडतं. चहावाल्याच्या आवाजाने डोळे उघडून मी खिडकीबाहेर पाहिलं, तर शेजारच्या लूप लाइनवर, म्हणजे गाडी बाजूला काढून थांबवायच्या रुळावर, ट्रकांची रांग उभी होती. जमिनीवर नव्हे, वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर. जीजे, एमएच, केए अशा पाट्या एकामागोमाग सरकत गेल्या. एका केबिनचं दार उघडं होतं. पायरीवर बसून चालक बाटलीतल्या पाण्याने चूळ भरत होता आणि आमच्या गाडीकडे बघत होता. आम्ही पुढे गेलो, तो तिथेच राहिला. आम्हाला वाट मिळावी म्हणूनच त्याची गाडी थांबवलेली होती.

हीच ती कोकण रेल्वेची रो-रो सेवा. रो-रो म्हणजे रोल ऑन, रोल ऑफ. २६ जानेवारी १९९९ रोजी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत ती सुरू झाली आणि पुढे कर्नाटकात सुरतकलपर्यंत गेली. कल्पना इतकी साधी की ती आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटावं. सपाट वाघिणींचा रेक, म्हणजे जोडलेली अख्खी गाडी, धक्क्याला लावायचा, टोकाच्या उतारावरून पहिला ट्रक चढवायचा आणि त्याला वाघिणींवरूनच थेट पुढच्या टोकापर्यंत न्यायचं. दुसरा त्याच्या मागे, तिसरा त्याच्या मागे. मग चाकांना पाचरी, साखळ्या, उंचीची तपासणी. उंची काटेकोर पाहावीच लागते, कारण वर २५ हजार व्होल्टची तार आहे आणि पुढे बोगदे. उतरताना जो आधी चढला तो आधी उतरतो. क्रेन नको, कंटेनर नको, माल हलवायला हमाल नकोत.

डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाट टळतो, चालकाला झोप मिळते. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना जो विरोध होतो, तो डांबरावरच्या रबरी टायरच्या तुलनेत काही पटींनी कमी असतो. त्यातच कोकण रेल्वेचा चढ जास्तीत जास्त दीडशेला एक, म्हणजे दीडशे मीटर जाताना मीटरभर. महामार्गावरच्या घाटांची आठवण असणाऱ्याला हा आकडा चैनीचाच वाटेल. मग पंचवीस वर्षांत सगळेच ट्रक रेल्वेवर का चढले नाहीत? अशा सेवेची मागणी वाढली तर रेल्वे ती पेलेल का?

सहज सुचणारं उत्तर म्हणजे आणखी वाघिणी घ्या. वाघिणी पैशाने मिळतात, इंजिनंही मिळतात. जी विकत आणता येत नाही ती वस्तू म्हणजे रेल्वेवाल्यांच्या बोलीतला ‘पाथ’. अमुक वाजता इथून निघून तमुक वाजता तिथे पोचेपर्यंत वाटेतला प्रत्येक तुकडा त्या त्या मिनिटाला आपल्यासाठी मोकळा असणं, हा झाला पाथ. तो साठवून ठेवता येत नाही. आज दुपारी तीन ते सव्वातीन रूळ रिकामा राहिला, तर ती पंधरा मिनिटं गेली ती गेलीच.

कंट्रोल ऑफिसमधला तक्ता पाहिला की हे लगेच कळतं. उभ्या अक्षावर स्थानकं, आडव्या अक्षावर वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी वेगवान असेल तर रेघ खडी, मंद असेल तर लोळलेली. समोरून येणाऱ्या गाडीची रेघ उलट्या दिशेने तिरकी. एकेरी मार्गावर या दोन रेघा फक्त स्थानकावरच एकमेकींना छेदू शकतात, कारण तिथेच दुसरा रूळ असतो. दोन स्थानकांच्या मध्ये छेदल्या तर त्याला अपघात म्हणतात. रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बहुतांश एकेरीच आहे. दुहेरी झाला तो रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा तुकडा, २०२१ मध्ये.

एकेरी मार्गावरून दिवसाला किती गाड्या जातील याचा ठोकताळा भारतीय रेल्वेत वर्षानुवर्षं स्कॉटच्या सूत्राने काढतात. दिवसाची मिनिटं १४४०. ब्लॉक सेक्शन म्हणजे दोन स्थानकांमधला, एका वेळी एकच गाडी मावणारा तुकडा; त्यातला सर्वांत अडचणीचा, म्हणजे बहुधा सर्वांत लांब, घ्यायचा आणि तो पार करायला संथ गाडीला लागणारी मिनिटं मोजायची. त्यात लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्थानकाची परवानगी, घेणं, सिग्नल देणं यासाठीची मिनिटं मिळवायची. या बेरजेने १४४० ला भागायचं आणि उत्तराला ०.७ ने गुणायचं.

हिशेबासाठी एक काल्पनिक मार्ग घेऊ. सर्वांत लांब सेक्शन १५ किलोमीटरचा आणि मालगाडीचा वेग ताशी ५०, म्हणजे १८ मिनिटं. सिग्नलची ५ धरली तर २३. उत्तर येतं सुमारे ४४ गाड्या, दोन्ही दिशांच्या मिळून. आता त्या सेक्शनच्या मधोमध एक नवीन क्रॉसिंग स्टेशन बांधलं. १८ ची ९ मिनिटं झाली, ५ मिळवून १४. उत्तर ७२! सेक्शन निम्मा केला तरी क्षमता दुप्पट झाली नाही, कारण सिग्नलची ५ मिनिटं तेवढीच राहिली. तरीही २८ गाड्यांची वाढ कुणाला नको आहे?

पण ही वाढ कागदावरच राहते. पुढचा सेक्शन १२ किलोमीटरचा असेल तर आता अडचणीचा तोच. त्याचं उत्तर ५२. म्हणजे एक स्टेशन बांधून हाती आल्या आठ गाड्या. बाटलीचा गळा रुंद केला की त्याखालचा भाग गळा होऊन बसतो. म्हणूनच क्रॉसिंग स्टेशनं एकेकटी बांधून भागत नाही, ती मालिकेने बांधावी लागतात. कोकण रेल्वेने गेल्या काही वर्षांत कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी दहा नवी क्रॉसिंग स्टेशनं उभी केली त्यामागे हाच हिशेब आहे. गावकऱ्यांना गाडी थांबायला स्टेशन मिळालं याचा आनंद. रेल्वेला खरी गरज होती ती तिथल्या दुसऱ्या रुळाची.

सूत्रातल्या त्या ०.७ कडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. तीस टक्के वेळ मुद्दाम सोडायचा? रेल्वे इतकी उधळी कशी? पण रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला यामागचं गणित अंगाने माहीत असतं. दुकानदार सरासरी सत्तर टक्के वेळ गुंतलेला असेल आणि गिऱ्हाइकं वेळी-अवेळी येत असतील, तर रांगेच्या ढोबळ गणितानुसार वाट पाहण्याचा काळ एका गिऱ्हाइकाला लागणाऱ्या वेळेच्या सव्वादोन पटीच्या आसपास येतो. ऐंशी टक्क्यांना तो चौपट होतो, नव्वद टक्क्यांना नऊपट. काम सत्तर टक्क्यांवरून नव्वदवर गेलं, खोळंबा जवळपास चौपट. गाड्या वेळापत्रकाने धावतात, त्यामुळे हे गणित त्यांना जसंच्या तसं लागू होत नाही. पण एक गाडी दहा मिनिटं उशिरा आली की तिच्यासाठी समोरची थांबते आणि तिच्यामुळे तिसरी. मोकळी जागा शिल्लक असेल तर हा उशीर तिथेच विरतो, नसेल तर तो रात्रभर मार्गावर फिरत राहतो. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेची, म्हणजे यूआयसीची, मिश्र वाहतुकीच्या मार्गासाठीची शिफारसही याच जातीची आहे: रूळ दिवसभरात ६० टक्के आणि गर्दीच्या वेळी ७५ टक्क्यांपर्यंतच व्यापलेला असावा.

कोकणात यावर पावसाची भर पडते. पावसाळी वेळापत्रक लागू झालं की वेग उतरतो, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० पर्यंत खाली येतो. वर मांडलेल्या सूत्रात ५० च्या जागी ४० टाकून पाहा: ४४ च्या ३७ गाड्या होतात. नेमके याच दिवसांत गणपतीचे जादा रेक सोडायचे असतात. मालगाडीने कुठे जायचं? लूपमध्ये.

लूपचंही एक माप असतं. सपाट वाघीण साधारण साडेचौदा मीटर लांब, अशा ४५ जोडल्या की साडेसहाशे मीटर. गाडी लूपमध्ये पूर्ण मावली पाहिजे, नाहीतर तिची शेपटी मुख्य मार्ग अडवते. त्यामुळे गाडी किती लांब करायची हे इंजिनाच्या ताकदीआधी वाटेतला सर्वांत आखूड लूप ठरवतो. एका पाथमध्ये जास्त माल न्यायचा तर शेकडो किलोमीटरवरचे सगळे लूप लांबवावे लागतील. एखाद-दुसरा लांबवून काही उपयोग नाही.

आता रो-रोच्या वर्मावर बोट ठेवतो. तीन आसांचा ट्रक भरून सुमारे २८ टनांचा. त्यात माल अठरा-एकोणीस टन, बाकी ट्रकचं स्वतःचं वजन. त्याखाली वीस-पंचवीस टनांची वाघीण. पन्नास टनांवर वजन ओढायचं आणि त्यात माल जेमतेम एक-तृतीयांश! कंटेनरच्या वाघिणीत हेच प्रमाण दोन-तृतीयांशाच्या घरात जातं, कारण तिथे इंजिन, केबिन, चाकं आणि झोपलेला चालक यांना सोबत न्यावं लागत नाही. पाथ जर इतका दुर्मीळ, तर तो चाकांवरच्या चाकांसाठी वापरावा का, असं कुणी विचारलं तर मला राग येणार नाही.

युरोपातल्या तज्ज्ञांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तरही देऊन टाकलं. आल्प्स ओलांडणारे ट्रक रेल्वेवर आणायचे हे स्विस मतदारांनी १९९४ मध्ये सार्वमताने ठरवलं. त्यासाठी ५७ किलोमीटरचा गॉटहार्ड पायथा बोगदा खोदला, तो २०१६ मध्ये खुला झाला. आपल्या रो-रोसारखी तिथली ‘फिरता महामार्ग’ सेवा जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून इटलीतल्या नोव्हाराला अख्खे ट्रक न्यायची. पण वाटेवरच्या बांधकामांमुळे गाड्या रद्द होत गेल्या, तोटा वाढला आणि २०२५ अखेर ती गुंडाळण्याचा निर्णय चालवणाऱ्या कंपनीने घेतला. ट्रकच्या पुढच्या भागाला घरीच ठेवून नुसता ट्रेलर किंवा कंटेनर पाठवण्याची पद्धत मात्र तिथे जोरात आहे.

स्विसांकडून घेण्यासारखी गोष्ट बोगद्यापेक्षा साधी आहे, ती म्हणजे वेळापत्रकातली आरक्षणं. मालगाड्यांचे पाथ तिथे काही वर्षं आधी आराखड्यात नोंदवून ठेवतात. नवी प्रवासी गाडी हवी असली तरी ते पाथ सहजी गिळता येत नाहीत. आपल्याकडे मालगाडी बहुधा वेळापत्रकाविना धावते, जागा मिळेल तशी. कोळशाला त्याने फरक पडत नाही. मासळी किंवा भाजी भरलेल्या ट्रकच्या मालकाला मात्र फार पडतो, कारण त्याच्यासमोर दुसरा पर्याय धावत असतो: हमरस्ता.

आरक्षण असलं तरी पर्यायी मार्ग नसेल तर काय होतं, तेही युरोपने पाहिलं. १२ ऑगस्ट २०१७ रोजी जर्मनीतल्या राश्टाटला नव्या बोगद्याचं काम चालू असताना वरचे रूळ खचले. ऱ्हाईन खोऱ्यातली ही मुख्य वाहिनी २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली आणि शेजारच्या मार्गांवर एवढ्या मालगाड्या वळवायला जागाच निघाली नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२०मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली तेव्हा गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे फिरवाव्या लागल्या.

दुहेरी रूळ टाकला की सगळं सुटेल असंही नाही. शंभर किलोमीटरचा दुहेरी मार्ग घ्या. दोन गाड्यांत दहा मिनिटांचं अंतर पुरतं. सगळ्या एकाच वेगाने धावल्या तर एका दिशेने तासाला सहा गाड्या सुटतील. आता ताशी ५० ची मालगाडी आणि ताशी १०० ची एक्स्प्रेस आळीपाळीने सोडा आणि वाटेत बाजूला काढायची सोय नाही असं धरा. मालगाडीला दोन तास लागतात, एक्स्प्रेसला एक. मालगाडीच्या पाठीवर आदळू नये म्हणून एक्स्प्रेस सत्तर मिनिटं उशिरा सोडावी लागते. तिच्यामागे दहा मिनिटांनी पुढची मालगाडी, म्हणजे ऐंशी मिनिटांत दोनच गाड्या. तासाला सहाऐवजी दीड गाडी! रूळ तेवढेच, गाड्या पाव. क्षमता खाते ती वेगांमधली तफावत. मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका बांधण्याचं खरं कारण हेच आहे. दिल्लीजवळचं दादरी ते जेएनपीटी बंदर हा १५०६ किलोमीटरचा पश्चिम मालमार्ग त्यासाठीच आखला. त्यावर कंटेनरवर कंटेनर रचून विजेच्या इंजिनाने ओढतात. पालनपूर ते रेवाडी दुधाचे टँकर ट्रकसकट वाघिणीवर चढवून नेण्याची सेवाही तिथे सुरू झाली. या मार्गाचा जेएनपीटीपर्यंतचा महाराष्ट्रातला शेवटचा तुकडा मात्र सगळ्यांत मागे राहिला.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारींसाठी रो-रो काढली. कोलाड ते वेर्णा बारा तास, एका मोटारीला ७,८७५ रुपये, गाडीत ४० मोटारी, आणि किमान १६ भरल्या तरच गाडी सुटणार. प्रतिसाद थंड होता. लोकांनी भाड्याबद्दल आणि वेळेबद्दल नाकं मुरडली. मला अडचण दिसते ती वेगळीच. ४० मोटारींचं वजन सव्वा-सव्वा टन धरलं तर सगळ्या मिळून पन्नास टन, म्हणजे भरलेल्या दोन ट्रकांपेक्षा कमी. पाथ मात्र पूर्ण गाडीचा गेला. तेवढ्याच मिनिटांत ४५ ट्रकांबरोबर आठशे टन माल गेला असता, किंवा डब्यात दाटीवाटीने बसलेले दीड हजार चाकरमानी. लूपमध्ये चूळ भरणाऱ्या त्या चालकाला पुढच्या क्रॉसिंगला आणखी वीस मिनिटं थांबायला लागलं असतं ते निराळंच.

वीरच्या पुढचं दुहेरीकरण डोंगर फोडून करायचं आहे. त्याला पैसा लागेल, आणि कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्याच्या चर्चेत हा पैशाचाच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. तोवर करण्यासारखी कामं लहान आहेत आणि कंटाळवाणी: उरलेल्या लांब सेक्शनांमध्ये क्रॉसिंग, आखूड लूपांची लांबी, कोलाडला दुसरा उतार म्हणजे रेक अर्ध्या वेळात भरेल, आणि कंट्रोलच्या तक्त्यावर आधीच शाईने ओढलेली रो-रोची एक तिरकी रेघ.