चौथा कंदी पेढा

पुण्याला भाचीकडे निघालो की मोती चौकातून कंदी पेढ्यांचे दोन पुडे घ्यायचे, हा आमच्या साताऱ्याच्या घरचा शिरस्ता. एक भाचीला, दुसरा ‘वाटेत लागेल’ म्हणून. पहिला पेढा खाताना भाजलेल्या खव्याचा खमंगपणा, बेताची साखर, सगळं जिभेला नीट कळतं. दुसराही बरा लागतो. खंबाटकीचा बोगदा यायच्या आत चौथा पोटात गेलेला असतो आणि तो कसा होता म्हणून विचाराल तर सांगता यायचं नाही. हात मात्र पुन्हा पुड्यात.

चव उतरली तरी हात का थांबत नाही? याचं उत्तर उंदरांकडून मिळालं.

डोपामीन हे सुखाचं रसायन, अशी समजूत एके काळी शास्त्रज्ञांचीही होती. (व्हॉट्सॲपवर ती अजून आहे.) अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी 1980च्या दशकात ती तपासून पाहिली. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन जवळजवळ संपवलं होतं, त्यांच्या तोंडात त्यांनी साखरेचं पाणी सोडलं. डोपामीन नाही म्हणजे गोड लागायलाच नको. पण उंदरांनी धडधाकट उंदरांसारख्याच मिटक्या मारल्या, ओठ चाटले. गंमत पुढेच आहे. त्याच उंदरांपुढे खाणं ठेवलं तर ते जागचे हलत नसत. नळीने भरवलं नसतं तर अन्नासमोर उपाशी मेले असते.

म्हणजे गोडी होती, हाव नव्हती. आपल्याला हे दोन शब्द वेगळे आहेत हे ठाऊकच होतं. मेंदूतही त्यांची खाती वेगळी निघाली. हाव पेटवतं ते डोपामीन, आणि त्याचा कारभार ऐसपैस. गोडीची ठाणी मात्र चिमुकली, विखुरलेली, आणि ती चालतात मुख्यतः मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसारख्या रसायनांवर. चौथ्या पेढ्याला गोडीचं दुकान बंद झालेलं असतं, हावेचं उघडंच.

मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग याच्याही पुढे जातात. आधी दिवा लागायचा, मग फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की डोपामीनच्या पेशी चेकाळत. ‘दिव्यामागून रस’ हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच दाद देऊ लागल्या. ठरल्याप्रमाणे आलेल्या रसाला ढिम्म. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर रसाच्या वेळेला त्या नेहमीहूनही थंड पडत. दरवर्षीची पगारवाढ ज्यांनी घेतली आहे, त्यांना हे माकड अनोळखी वाटणार नाही.

लॉटरीचा दाखला इथे हमखास दिला जातो. 1978 साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की लॉटरी लागलेली माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारशी सुखी नव्हती. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा यांतली गंमत त्यांना कमीच वाटत होती. पण विजेते होते अवघे 22! एवढ्यावर ‘पैशानं सुख मिळत नाही’ असं ठोकून देणं मला तरी पटत नाही. पुढे स्वीडनमध्ये हजारो लॉटरीवाल्यांचा अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच होतं. रोजच्या आनंदात मात्र तेवढा फरक नव्हता. समाधान आणि आनंद हीसुद्धा दोन खाती, असं म्हणायचं.

आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो. दिसतो आपला म्हणायचं. रोज तिथेच असतो, त्यामुळे मेंदू त्याची वर्दीच देत नाही. गेल्या पावसाळ्यात भाची आली होती. चहाचा कप हातात धरून, किल्ल्यावरून खाली उतरणारे ढग बघत कठड्याशी उभी राहिली. म्हणाली, ‘‘मामा, तुला रोज हे दिसतं?’’

तिचा चहा पार गार झाला. मी दुसरा करायला म्हणून उठलो आणि तिच्याशेजारीच उभा राहिलो.