पात्यांची फडफड आणि 'अवमंदन' या शब्दाचा घोळ

नाशिक रोडजवळच्या एकलहऱ्यात कोळशावर वीज बनवणारे 210 मेगावॉटचे तीन संच आहेत, 1979 ते 1981 या काळात सुरू झालेले. पूर्ण लोडवर अहोरात्र चालायचे, हे गृहीत धरूनच त्या पिढीचे संच रचले गेले. आता दुपारी सौरवीज वाढली की अशा संचांचे लोड उतरवावे लागते आणि वाफेच्या टर्बाइनमधल्या शेवटच्या ओळीतल्या लांब पात्यांच्या फडफडीचा जुना प्रश्न पुन्हा वर येतो.

पार्सन्सने 1884 मध्ये बनवलेल्या वाफेच्या टर्बाइनची पाती आखूड आणि ताठ होती. पाती लांबत गेली, तसे कंपनाने तडे जाऊ लागले. 1924 च्या सुमारास फेऱ्यांचा वेग आणि पात्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ते आपसूक सेकंदाला किती वेळा कंपते तो आकडा, एकाच आलेखावर मांडायची रीत रुळली. मिनिटाला 3000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 50. पात्याची फ्रिक्वेन्सी 50 च्या पटीत येऊ द्यायची नाही, नाहीतर दर फेरीचा धक्का कंपनाशी जुळून ते वाढवत नेतो. ओव्हरहॉलला केसिंग, म्हणजे टर्बाइनचे कवच, उचलले की आजही एकेका पात्याला हलका ठोका देऊन ती मोजतात.

फडफड मात्र या आलेखात सापडत नाही. तिला पट लागत नाही, बाहेरचा धक्काही लागत नाही. पाते हलते, त्यामुळे वाफेचा दाब बदलतो, आणि तो बदललेला दाब पात्याला आणखी हलवतो.

इथेच शब्द गोंधळ घालतो. 'अवमंदन' म्हटले की कंपन शमवणारे काहीतरी, अशीच समजूत होते. धातूचे अवमंदन तसेच असते. वाफेचे नेहमीच तसे नसते. एका आवर्तनात पात्याने वाफेला ऊर्जा दिली तर अवमंदन धन, वाफेने पात्याला दिली तर ऋण. ही देवघेव शेजारचे पाते त्याच्या किती आधी वा नंतर हलते त्यावर ठरते. म्हणून एकट्या पात्याचे अवमंदन सांगण्यात अर्थ नाही, पूर्ण ओळीचेच सांगावे लागते. काही पुस्तकांत याला 'हवेचा रोध' म्हटले आहे. तो शब्द टाकून द्यावा, कारण रोध कधी ढकलत नाही.

उपायांवरही एकमत नाही. लेसिंग वायरने, म्हणजे पात्यांना भोके पाडून ओवलेल्या तारेने, पाती बांधली तर फडफड आवरते, पण वायर वाफेच्या वाटेत येते आणि तिच्या भोकापाशी ताण साचतो. एकाआड एक पात्यांची फ्रिक्वेन्सी मुद्दाम किंचित वेगळी ठेवणे, म्हणजे शेजारची पाती एका लयीत हलू न देणे, मला अधिक पटते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमावलीने कोळसा संचांना टप्प्याटप्प्याने 40 टक्के लोडपर्यंत उतरायला सांगितले आहे. इतक्या कमी वाफेत शेवटच्या ओळीत प्रवाह मुळापाशी सुटतो, टोकापाशी घुमतो, आणि पातीच वाफ घुसळू लागतात. पात्याचे टोक सेन्सरसमोर येण्याची वेळ मोजली की ते किती हलते ते चालू संचावरच कळते. ती मोजणी न करता जुना संच तासन्‌तास त्या लोडवर ठेवू नये.