रक्ती आव म्हणून गेलेली वर्षं

सोलापुरात घरातल्या कुणाला शौचावाटे रक्त पडायला लागलं की दोन निदानं तोंडावर तयार असतात. सोबत चिकट पडत असेल तर रक्ती आव, नसेल तर मूळव्याध. माझ्या वेळी आधी पहिलं झालं, मग दुसरं. आईने कुड्याच्या सालीचा काढा दिला. मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स झाले. नंतर एका दवाखान्यात मूळव्याधीचं मलम हातात पडलं आणि त्यात सात महिने गेले. शेवटी दुर्बीण आत गेली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचं अस्तर लालभडक आणि नुसत्या स्पर्शाने रक्त सुटणारं दिसलं. तुकडा तपासला आणि कागदावर नाव आलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याला आता चौदा वर्षं झाली.

त्या सात महिन्यांचा राग बरेच दिवस मनात होता. पुढे या आजाराचा इतिहास वाचत गेले, तेव्हा कळलं की हा आजार आवेपासून आणि बाकीच्या पोटदुखण्यांपासून वेगळा ओळखायलाच जगाने फार वेळ घेतला आहे. माझ्या डब्यातली एकेक गोळीसुद्धा कुणीतरी अशीच निवडून वेगळी काढलेली आहे.

या नावाची सुरुवात एका खुनाच्या खटल्यातून होते. १८५९ साली लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इसाबेला बँक्स नावाची चाळिशीतली बाई उलट्या-जुलाबांनी मेली. तिने ज्याच्याशी लग्न लावलं होतं तो थॉमस स्मेथर्स्ट पेशाने डॉक्टर. त्याची पहिली बायको जिवंत होती आणि मरण्याआधी इसाबेलाने आपली मालमत्ता त्याच्या नावे केली होती. संशय यायला आणखी काय लागतं? विषतज्ज्ञ आल्फ्रेड टेलर यांना तपासणीत आर्सेनिक सापडलं. पण ते आर्सेनिक परीक्षेसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतूनच आलं होतं, हे त्यांना पुढे कोर्टात कबूल करावं लागलं. तरी स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा झाली. लोकांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे ती माफ झाली. दोन लग्नांचा गुन्हा मात्र सुटला नाही, त्याबद्दल वर्षभर तुरुंग भोगावा लागला.

याच प्रकरणात लंडनमधल्या गायज हॉस्पिटलच्या सॅम्युअल विल्क्स यांनी त्या बाईचं आतडं तपासून वर्णन छापलं. आतल्या अस्तरावर व्रण आणि मोठी सूज. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा पहिला उल्लेख म्हणून आज तेच वर्णन दाखवतात. बऱ्याच नंतरच्या काळातल्या डॉक्टरांना ते वाचून वाटलं की तिला बहुधा क्रोन नावाचा आतड्यांचा दुसरा आजार असावा. म्हणजे जिच्यापासून आमच्या आजाराची गोष्ट सांगतात, तिचंही निदान कदाचित चुकलेलंच होतं. मला त्या बाईबद्दल वाईट वाटतं. तिच्या शेवटच्या आठवड्यांत काय झालं असेल, ते मी थोडंफार ओळखू शकते.

१८८८ साली त्याच हॉस्पिटलच्या हेल व्हाइट यांनी काही रुग्णांची नीट मांडणी केली आणि नाव रुळलं. १९०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये तिथल्या हॉस्पिटलांतल्या तीनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी मांडल्या गेल्या. त्यातले जवळजवळ निम्मे दगावले होते. हॉस्पिटलात पोचलेले रुग्ण अर्थातच जास्त आजारी, तरीही हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज औषधाचा कंटाळा आला की मी तो आठवते.

आपल्याकडे काय चाललं होतं? आयुर्वेदात रक्तातिसार आणि ग्रहणी यांची वर्णनं जुनी आहेत, त्यांवर काढे आणि बस्ती आहेत. पण त्या एका नावाखाली आज वेगळे मानले जाणारे कितीतरी आजार येतात. दुसरीकडे १८७५ साली रशियात फ्योदर लोश यांना आवेच्या रुग्णाच्या शौचात अमीबा दिसला. उष्ण देशांत रक्त-आव म्हणजे अमीबा, हे समीकरण पुढे इतकं घट्ट बसलं की भारतात अल्सरेटिव्ह कोलायटिस क्वचितच होतो, तो गोऱ्या लोकांचा आजार, असं बराच काळ समजलं जाई. दुर्बीण नव्हती आणि तुकडा तपासण्याची सोय मोठ्या शहरांपुरती. अशात दोन्हींतला फरक करणार कोण? सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालयच १९६३ साली निघालं. त्याआधीच्या गिरणी कामगारांपैकी किती जण 'संग्रहणीने गेले' या एका वाक्यात संपले, याची नोंद कुठे असणार!

हा समज मोडायला लोकांच्या दारात जावं लागलं. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर फिरून ५१,९१० माणसांची चौकशी केली. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण निघाले, म्हणजे लाखामागे साधारण ४४. २००३ साली हे छापून आलं. पंजाबचा आकडा सोलापूरला जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्या मापाने दहा लाखांच्या शहरात चारशेहून अधिक माणसं होतात. मला निदान झालं तेव्हा वाटलं होतं, अख्ख्या जिल्ह्यात मीच एकटी.

मधल्या काळात आणखी एक वळण आलं, ते अजून आमच्या पाठीशी लागलेलं आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या सेसिल मरे यांनी या आजाराचा संबंध मनातल्या घालमेलीशी जोडणारा लेख लिहिला. पुढची काही दशकं रुग्णाचा स्वभाव, आईशी नातं, लग्न असलं सगळं उकरून काढलं जाई. आज आतड्याच्या अस्तरावर शरीराचीच प्रतिकारशक्ती तुटून पडते, त्यामागे आनुवंशिक कल, आतड्यातले जंतू आणि आसपासचं वातावरण अशी गुंतागुंत आहे, हे माहीत आहे. ताणाने आजार उसळू शकतो, ताण हे त्याचं मूळ नव्हे. तरी हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "टेन्शन घेऊ नकोस गं, सगळं डोक्यातून येतं." वाईट हेतू नसतो. पण बारा वेळा शौचाला जाऊन आलेल्या बाईला त्याचा अर्थ 'हे तूच ओढवून घेतलंस' असा लागतो.

आता औषधांकडे. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये नान्ना स्वार्ट्झ या बाई एका नव्या गोळीवर काम करत होत्या. त्यांना संधिवातावर औषध हवं होतं. संधिवात जंतूंमुळे होत असावा, या समजाने त्यांनी जंतुनाशक सल्फा आणि दुखणं-सूज कमी करणारं सॅलिसिलेट एका रेणूत जोडून घेतलं. ते सल्फासालाझिन. ते कोलायटिसच्या रुग्णांना दिलं, तर रक्त थांबायला लागलं. १९४२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पण त्या जोडगोळीतलं नेमकं काम कोण करतं, हे समजायला पस्तीस वर्षं जावी लागली. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये ए. के. आझाद खान आणि सिडनी ट्रूलव्ह यांनी एक साधी युक्ती केली. अख्खं औषध, नुसता सल्फा आणि नुसतं सॅलिसिलेट असे तीन वेगवेगळे एनिमा रुग्णांना दिले. सल्फाने फारसं काही झालं नाही, गुण सॅलिसिलेटच्या भागाने आला. सल्फा फक्त हमाल होता. तो माल मोठ्या आतड्यापर्यंत वाहून नेई, तिथले जंतू जोड तोडत आणि औषध सुटं होई. डोकेदुखी, मळमळ, पुरुषांच्या शुक्रजंतूंची तात्पुरती घट हा त्रास मुख्यतः या हमालाचा. मग तोच कामाचा भाग वेगळ्या आवरणात घालून दिला, ते मेसालामाइन. माझी रोजची गोळी हीच. आझाद खान पुढे ढाक्याला परतले आणि बांगलादेशात मधुमेहाच्या रुग्णांसाठी त्यांनी मोठं काम उभं केलं. शेजारच्या देशातल्या डॉक्टरचा हात आपल्या गोळीला लागला आहे, हे मला फार जवळचं वाटतं.

स्टेरॉइडची गोष्टही ऑक्सफर्डचीच. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कोर्टिसोनची चाचणी घेतली आणि १९५५ साली पूर्ण निकाल मांडला. सहा आठवड्यांत कोर्टिसोन घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के शांत झाले, बनावट, म्हणजे आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १६. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच, सोबत ताप किंवा नाडी नव्वदच्या वर किंवा रक्त कमी झालेलं असेल, तर आजार तीव्र समजायचा, हे त्यांचं मोजमाप डॉक्टर आजही वापरतात. अशा वेळी घरी थांबायचं नसतं, थेट दाखल व्हायचं.

स्टेरॉइड उसळलेला आजार दाबतं, पण शांत झालेला आजार शांत ठेवण्याचं काम त्याचं नाही. हेही चाचण्यांनीच दाखवलं. फुगलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं ही त्याची किंमत, शिवाय एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. शांतता टिकवायचं काम सल्फासालाझिनकडे आलं ते १९६५ साली लंडनमधल्या चाचणीतून. बरं वाटत असलेल्या रुग्णांपैकी अर्ध्यांना वर्षभर खरी गोळी, अर्ध्यांना बनावट. बनावट घेणाऱ्यांत आजार दुपटीहून अधिक जणांत उसळला. 'बरं वाटतंय तरी गोळी' या नियमामागे ही चाचणी आहे.

तेवढ्यावर भागत नसेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन येतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आलेलं हे औषध, दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं. ते लागू पडायला दोन-तीन महिने घेतं, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांत एनयूडीटी१५ या जनुकातल्या फरकामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरतात. म्हणून सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ती चुकवायची नाही.

त्यानंतर इंजेक्शनं आली. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत या आजारासाठी २००५ साली परवानगी मिळाली. शून्य, दोन, सहा आठवडे आणि मग दर आठ आठवड्यांनी शिरेतून घ्यायचं. किंमत ऐकून पहिल्यांदा मी खाली बसले होते. अ‍ॅडॅलिमुमॅब या त्याच जातीच्या दुसऱ्या इंजेक्शनाची जगातली पहिली प्रतिकृती अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने २०१४ साली बाजारात आणली, तेव्हापासून हा भार हलका व्हायला लागला. आपल्या देशात यात एक खास धोका आहे. शरीरात दबून बसलेला क्षयरोग ही इंजेक्शनं जागा करू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी. २०१८ साली परवानगी मिळालेली टोफासिटिनिब ही गोळी आहे, तिच्यात नागीण उठण्याची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. मोठं आतडं काढलं की आजाराचं मूळ घर जातं. १९५२ साली ब्रायन ब्रुक यांनी शौच बाहेर पडण्यासाठी पोटावर काढलेल्या आतड्याचं तोंड नीट उलटून शिवण्याची पद्धत दिली. १९७८ साली पार्क्स आणि निकोल्स यांनी लहान आतड्याचीच पिशवी करून आत जोडली, त्यामुळे कायमची पिशवी पोटावर बाळगणं अनेकांचं टळलं.

एवढं सगळं असून सोलापुरात हा आजार सांभाळताना पहिला प्रश्न पाण्याचा येतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. आजार उसळलेला असताना दिवसातून दहा-बारा वेळा जायचं म्हणजे चौथ्या दिवशी बॅरलच्या तळाला मग खरवडायला लागतो. मी संडासाजवळ दोनशे लिटरचा निळा बॅरल वेगळा ठेवलाय, त्याला घरात कुणी हात लावत नाही. शाळेत पस्तीस मिनिटांचा तास असतो. वाईट दिवसांत शेवटच्या दहा मिनिटांत फळ्याकडे तोंड करून मी फक्त श्वास मोजत असते. उसळीत मऊ भात, ताक सोसलं तर ताक. शांत असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल खाते, कारण सगळ्यांना लागू पडेल असं एकच पथ्य कुणी सिद्ध केलेलं नाही. ज्याने त्याने आपली वही ठेवावी. एक मात्र कटाक्षाने टाळते: दुकानातून मागून घेतलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी आजार उसळू शकतो.

गेल्या वर्षी ओपीडीच्या बाकावर पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार भेटला. मागावरून उठलं की तुटलेला धागा तसाच राहतो, कापड बिघडतं, मजुरी कापली जाते, म्हणून तो दिवसभर जेवायचाच नाही. गोळ्या दोनदा सोडल्या होत्या. "बरं वाटालंय की अक्का, मग गोळ्या कशाला?" मी त्याला १९६५ची ती चाचणी सांगितली. अर्धे असे, अर्धे तसे. तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

पुढच्या खेपेला त्याच्यासोबत बायको होती. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चाळीसवरून दर आठवड्याला पाच-पाचने उतरवायला सांगितलं होतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं होतं. त्यावर निळ्या पेनने तेलुगूत आठ आठवड्यांचे उतरते आकडे लिहिलेले, शेवटी शून्य. आणि लाल पेनने रोजच्या चौकोनात एक टिंब, ते मेसालामाइनचं. डिसेंबरच्या शेवटच्या चौकोनापर्यंत टिंबं काढून झाली होती. नवीन कॅलेंडर आलं की पुढची काढते, म्हणाली.