सहा तास मोबाइल म्हणजे व्यसन नव्हे

पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच रडगाणं: "आमचा पाच-पाच तास मोबाइल सोडत नाही, व्यसनच लागलंय त्याला." लगेच कुणीतरी ‘डोपामाइन’चा (मेंदूतल्या, सुखाशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाचा) फॉरवर्ड टाकतं आणि रोगनिदान पक्कं होतं. अतिवापर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आपल्या घरात तोच चाललाय. डोळे चुरचुरतात, मान अवघडते, जागरणं होतात. त्रास खरा आहे, पण व्यसन हे प्रकरण वेगळं.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘स्मार्टफोनचं व्यसन’ नावाचा आजार नाही. ‘गेमिंग डिसऑर्डर’, म्हणजे गेम खेळण्याचा विकार, आहे, आणि त्याच्या अटी कडक आहेत. कधी बसायचं, कधी उठायचं यावरचा ताबा सुटलेला हवा. बाकी सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडलेल्या हव्यात. नुकसान दिसत असूनही खेळ चालूच हवा. अभ्यास, घर, मैत्री यांवर ठळक परिणाम हवा, आणि हे सगळं साधारण वर्षभर टिकलेलं हवं (फारच गंभीर असेल तर कमी काळही धरतात). तासांचा आकडा यात कुठेच नाही!

घोळ होतो तो नेमका इथेच. समजा, नववीतली एक मुलगी रोज सहा तास फोनवर असते: क्लासचे व्हिडिओ, मैत्रिणींशी गप्पा, मग रील्स. पण कबड्डीची वेळ झाली की फोन चार्जिंगला लावून पळते. दुसरा मुलगा दोनच तास खेळतो, पण घरचे झोपल्यावर, पांघरुणात. क्रिकेटचं किट धूळ खातंय, चाचणीत नापास झालाय, गेममधल्या खरेदीसाठी आईच्या फोनवरचा ओटीपी चोरलाय, आणि स्वतःच ठरवूनही चार दिवस थांबता आलेलं नाही. आई-बाबा ओरडतात कुणाला? सहा तासवालीला. काळजी मला दुसऱ्याची वाटते.

"पण फोन काढून घेतला की थयथयाट करतो!" हा पुरावा मला सर्वांत जास्त खटकतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या ऑनलाइन गेमची मॅच मध्येच थांबवून ठेवता येत नाही. चार जणांची टीम असते, एक उठला की उरलेले तिघे अडकतात आणि नंतर त्याला शिव्या घालतात. ऐन मॅचमध्ये फोन हिसकावला तर कुणीही भडकेल. "ही मॅच संपली की ठेव" असं आधी सांगा आणि मग काय होतं ते बघा. दरवेळी मॅच संपल्यावरही तेच होत असेल, तर ती वेगळी गोष्ट.

आणखी एक उसना आकडा फिरतो, ‘दिवसाला एक तास’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो दिला होता, पण दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी. दहावीतल्या पोराला तो लावून काय साधणार? त्याच्या बाबतीत झोप किती होते ते मोजा. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हा एक नियम मी डोळे झाकून सुचवेन, आणि तो आई-बाबांच्या फोनलाही लागू. ‘डिजिटल डिटॉक्स’च्या, म्हणजे काही दिवस फोनपासून लांब ठेवणाऱ्या, शिबिरांवर पैसे घालवू नका.

मूल गप्प झालंय म्हणून फोनवर खापर फोडण्याआधी उलटंही तपासा. शाळेत त्रास असेल, मन उदास असेल, तर मूल फोनमध्ये तोंड लपवतं. मग फोन काढून घेतला तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

शंका असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फोन मोफत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून खास यासाठीच ‘शट क्लिनिक’ आहे. समुपदेशकाकडे जाताना स्क्रीन टाइमचे स्क्रीनशॉट नेऊन उपयोग थोडा. खेळ, मित्र, जेवण, झोप, यातलं काय कधीपासून सुटलं, ते कागदावर लिहून न्या.