युद्धपदकांची नोंद सेवा-अभिलेखात दुरुस्त करून घेण्याची प्रक्रिया : नागपूर जिल्ह्यातील माजी सैनिक आणि कुटुंबीयांसाठी माहिती

१९६५ किंवा १९७१ च्या युद्धात, श्रीलंकेतील ऑपरेशन पवनमध्ये अथवा १९९९ साली कारगिलच्या ऑपरेशन विजयमध्ये सेवा बजावलेल्या अनेक जवानांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवानोंदीच्या पुस्तिकेत, पदकांचा रकाना अपुरा राहिलेला आढळतो. याचे कारण बहुधा साधेच असते. मोहिमेचे पदक युद्ध संपल्यानंतर मंजूर होते, त्याची पात्रता पलटणीकडून कळवली जाते, आणि तोपर्यंत जवानाची बदली झालेली असते किंवा तो निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. पुढे वीस-तीस वर्षांनी मुलगा किंवा नातू कागद चाळू लागतो तेव्हा ही उणीव लक्षात येते.

अर्ज करण्यापूर्वी आपली अडचण नेमकी कोणती आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण बहुतेक अर्ज याच ठिकाणी भरकटतात. पहिली शक्यता अशी की पदक घरात आहे, पण सेवा-अभिलेखात किंवा डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. दुसरी, नोंद आहे, पण पदक प्रत्यक्ष हाती आलेच नाही. तिसरी, नोंदही नाही आणि पदकही नाही, मात्र जवान त्या काळात त्या क्षेत्रात होता याची कुटुंबाला खात्री आहे. चौथी शक्यता पदक मिळून हरवल्याची असते. तो दुरुस्तीचा विषय नाही, त्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडून बदली पदकाची स्वतंत्र मागणी करावी लागते. ‘आमच्या वडिलांना पदक मिळाले नाही, तरी कृपया मिळावे’ एवढ्याच मजकुराच्या अर्जावरून हा अर्ज यांपैकी कशासाठी आहे हे अभिलेख कार्यालयातील कारकुनाला कळत नाही, आणि मग उत्तरही तितकेच मोघम येते.

कोणत्या पदकाची मागणी करता येते

शौर्यपदके आणि मोहिमेची पदके यांत मूलभूत फरक आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र किंवा सेना पदक यांसाठी वरिष्ठांची शिफारस आणि राष्ट्रपतींची मंजुरी लागते व ती भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. राजपत्रात नाव नसेल तर नोंद-दुरुस्तीच्या अर्जातून असे पदक मिळत नाही. ‘त्यांनी फार पराक्रम केला होता’ हे कितीही खरे असले तरी हा मार्ग त्यासाठी नाही. याउलट मोहिमेची पदके पात्रतेवर मिळतात. ठरावीक काळात, ठरावीक क्षेत्रात, ठरावीक दिवस सेवा झाली असेल तर जवान त्या पदकाचा हक्कदार असतो, आणि ही पात्रता कागदावरून सिद्ध करता येते.

१९६५ च्या युद्धासाठी कार्यक्षेत्रातील सेवेला समर सेवा स्टार देण्यात आला, तर त्या वेळी सेवेत असलेल्या व ठरावीक किमान सेवा पूर्ण केलेल्या जवानांसाठी रक्षा पदक होते. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवरील जवानांना पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवरील जवानांना पश्चिमी स्टार मिळाला. प्रत्यक्ष युद्धक्षेत्राबाहेर, पण अधिसूचित राज्यांत सेवा करणाऱ्यांसाठी संग्राम पदक होते. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक अशी दोन स्वतंत्र पदके आहेत. सैन्य सेवा पदकावर ‘हिमालय’, ‘जम्मू-काश्मीर’ अशा सेवाक्षेत्र दाखवणाऱ्या पट्ट्या असतात, आणि पट्टीची नोंद राहून जाणे ही पदकाची नोंद राहण्याइतकीच सर्रास दिसणारी चूक आहे.

युद्धाशी थेट संबंध नसलेली, पण त्याच रकान्यात येणारी काही पदकेही तपासून घ्यावीत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांसाठी स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक होते, १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असलेल्यांसाठी पन्नासाव्या वर्धापनदिनाचे होते. शिवाय नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके आहेत. ती सिद्ध करायला भरती आणि निवृत्तीच्या तारखा जवळजवळ पुरेशा ठरतात, त्यामुळे एकाच अर्जात त्यांचाही उल्लेख करणे सोयीचे पडते.

युद्धात जखमी झालेल्यांसाठीचे पराक्रम पदक मात्र वेगळे हाताळावे. त्याची पात्रता शत्रूच्या कारवाईत झालेल्या जखमेच्या नोंदीवर, म्हणजे जवानाला त्या वेळी ‘बॅटल कॅज्युल्टी’ ठरवले होते की नाही यावर अवलंबून असते, आणि त्याच नोंदीवर युद्धजखमेच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्नही टेकलेला असतो. म्हणून या पदकासाठी रुग्णालयाची कागदपत्रे, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि जखमेबद्दल निघालेली पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतील घडामोडींची नोंद करणारा लष्करी आदेश) यांच्या प्रती आधी गोळा कराव्यात.

अर्ज कोणाकडे करावा

नागपूर जिल्ह्यात एक समज घट्ट आहे की कामठीला लष्कराचे रेकॉर्ड ऑफिस आहे, तेव्हा सर्वांचे काम तिथेच होणार. कामठीतील अभिलेख कार्यालय ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे आहे आणि तिथे त्याच रेजिमेंटच्या जवानांचे कागद असतात. जवान कुठे राहतो याचा इथे काही संबंध नाही. तो कोणत्या रेजिमेंटचा किंवा कोअरचा होता एवढेच पाहिले जाते. महार रेजिमेंटसाठी सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्याजवळील खडकी, सिग्नल्ससाठी जबलपूर, ईएमईसाठी (लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या दलासाठी) सिकंदराबाद आणि आर्मी मेडिकल कोअरसाठी लखनौ येथे पत्रव्यवहार करावा लागतो. नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईतील मानखुर्द येथील कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स, आणि हवाई दलातील एअरमनसाठी नवी दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस आहे. नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असले तरी निवृत्त एअरमनचे सेवा-अभिलेख तिथे ठेवले जात नाहीत. लष्करी अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीतील सेना मुख्यालयाच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेकडे असतात.

काही पलटणी पुढे दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेल्या. १९७९ मध्ये अनेक जुन्या पायदळ पलटणी मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या, आणि तिचे केंद्र अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे आहे. अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा डिस्चार्ज बुकावर ज्या अभिलेख कार्यालयाचा शिक्का आहे त्यालाच लिहावे.

लष्करातून निवृत्त झाल्यावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (संरक्षण आस्थापनांची राखण करणाऱ्या दलात) पुन्हा भरती झालेल्यांचा गोंधळ निराळाच असतो. त्यांना दुसरा क्रमांक मिळतो, दुसरे कागद तयार होतात आणि त्यांचे अभिलेख केरळातील कन्नूरला असतात. पहिल्या सेवेतील पदके दुसऱ्या कागदांत चढलेली नसतील, तर आधी मूळ रेजिमेंटकडून नोंदीचा दाखला घ्यावा आणि मग तो कन्नूरला पाठवावा. सीताबर्डीच्या किल्ल्यात असलेल्या प्रादेशिक सेनेच्या पलटणीतून युद्धकाळात प्रत्यक्ष सेवेवर बोलावले गेलेले जवानही पदकाला मुकत नाहीत. मात्र सेवेवर बोलावल्याच्या आणि मुक्त केल्याच्या तारखा त्यांच्या अर्जात स्पष्ट हव्यात.

कागदपत्रे आणि अर्जाचा मजकूर

डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांची छायाप्रत, निवृत्तिवेतन आदेश म्हणजे पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार कार्ड हा पाया आहे. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत मागितल्याशिवाय पाठवू नये, आणि पाठवायची वेळ आलीच तर प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत घरी ठेवून स्पीड पोस्टने पाठवावी. या एका पुस्तिकेवर कँटीनपासून मुलांच्या सवलतींपर्यंत सगळे अडून असते.

पदक घरात असेल तर त्याची कड बारकाईने पाहावी. बहुतेक लष्करी पदकांच्या कडेवर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट बारीक अक्षरांत कोरलेले असते. त्या कोरीव मजकुराचे जवळून घेतलेले छायाचित्र हा पदक अधिकृतपणे दिले गेल्याचा चांगला पुरावा आहे. छावणीच्या बाजारात विकत मिळणाऱ्या नमुन्याच्या पदकांची कड सहसा कोरी असते आणि त्यांचे छायाचित्र जोडल्याने काहीही साध्य होत नाही.

पदकच नसेल तेव्हा तारखांवर भर द्यावा लागतो. संबंधित पलटणीत जवान कधी रुजू झाला, कधी कमी झाला, आणि युद्धाच्या दिवसांत तो रजेवर, प्रशिक्षणाला, रुग्णालयात किंवा दुसऱ्या युनिटला तात्पुरता जोडलेला होता का, हे डिस्चार्ज बुकातून आणि शीट रोलमधून (अभिलेख कार्यालयातील जवानाच्या सेवानोंदीच्या पत्रकातून) काढावे. तात्पुरती जोडणी हे नोंद राहून जाण्याचे मोठे कारण आहे, कारण मूळ पलटण त्याला आपल्या यादीत धरत नाही आणि ज्या युनिटसोबत तो लढला ते त्याला पाहुणा समजते. त्या काळची पत्रे, पलटणीतील सहकाऱ्यांचे शपथपत्र, रेजिमेंटच्या इतिहासातील उल्लेख हे पूरक पुरावे म्हणून जोडता येतात; एकट्या शपथपत्रावर मात्र भिस्त ठेवू नये.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिणे इष्ट, कारण जबलपूर किंवा सिकंदराबाद येथील टेबलावर मराठी वाचणारा भेटेलच असे नाही. मजकूर साधारण असा असावा : ‘मी अमुक क्रमांकाचा माजी हवालदार, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीत कार्यरत होतो. डिसेंबर १९७१ मध्ये माझी पलटण पश्चिम आघाडीवर अमुक क्षेत्रात तैनात होती. माझ्या डिस्चार्ज बुकाच्या अमुक पानावर पश्चिमी स्टारची नोंद नाही. माझ्या शीट रोलची व संबंधित पार्ट टू ऑर्डरची पडताळणी करून नोंद घ्यावी, डिस्चार्ज बुकात ती प्रमाणित करावी आणि पदक दिले नसल्यास ते द्यावे.’ नाव मात्र भरतीच्या वेळी लिहिले गेले तसेच लिहावे. आधारवरील अक्षरे वेगळी असतील तर तो फरक त्याच अर्जात एका वाक्यात स्पष्ट करावा.

हा अर्ज नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवणे बंधनकारक नसले तरी फायद्याचे आहे. तेथील आवक-जावक क्रमांकामुळे पाठपुराव्याला आधार मिळतो आणि प्रती साक्षांकित करण्याचे कामही होते.

कुटुंबीयांचा अर्ज

जवान हयात नसेल तर त्याची पत्नी अर्ज करू शकते. तिने मृत्यू दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश आणि स्वतःचे ओळखपत्र जोडावे. तीही नसेल तर मुलांनी नात्याचा पुरावा, इतर वारसांचे ना-हरकत शपथपत्र आणि मागितल्यास वारस प्रमाणपत्र द्यावे. पदक कोणाकडे जाणार यावर भावंडांत एकमत नसेल तर अभिलेख कार्यालय हात आखडता घेते.

पडताळणी आणि पैशांचा प्रश्न

अभिलेख कार्यालय आधी शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डर पाहते. तिथे नोंद सापडली तर दुरुस्ती केवळ लेखनिकाचे काम ठरते. सापडली नाही तर पलटणीकडे विचारणा होते, आणि तिथून वेळ लागू लागतो. मोहिमेच्या पदकांना कोणताही मासिक भत्ता नाही, त्यामुळे ती पीपीओवर किंवा संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीत दिसत नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शौर्यपदकांचे तसे नाही. १ ऑगस्ट २०१७ पासून वीर चक्रासाठी दरमहा ७,००० रुपये आणि शौर्यासाठीच्या सेना पदकासाठी २,००० रुपये असा भत्ता लागू झाला. तो पीपीओत चढला नसेल तर अभिलेख कार्यालयामार्फत प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) यांच्याकडून सुधारित आदेश काढून घ्यावा लागतो.

उत्तर येत नसेल किंवा ‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले तर

माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून स्वतःच्या शीट रोलची आणि पदकांविषयीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे आणि समाधान न झाल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते. माझ्या मते दुरुस्तीच्या अर्जाआधीच ही प्रत मागवावी. आपल्या कागदात काय आहे हे माहीत असलेल्या माणसाचा अर्ज टाळणे कठीण जाते.

निवृत्तिवेतन न घेता सेवा सोडलेल्या जवानांचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट करण्याची तरतूद लष्करी नियमांत आहे, त्यामुळे तसे उत्तर खोटे असेलच असे नाही. पण लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या जवानांची मूळ नोंदवही, कायम जपला जातो. म्हणून अशा वेळी लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मागावा आणि त्याला घरातील डिस्चार्ज बुकाची जोड द्यावी. युद्धाच्या दिवसांत पलटण कुठे होती हे संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जाणाऱ्या युनिटच्या युद्ध-रोजनिशीवरून कळू शकते, परंतु तिच्यात एकेका शिपायाचे नाव शोधण्याची आशा धरू नये. तिचा उपयोग पलटणीचे ठिकाण सिद्ध करण्यापुरता आहे.

कार्यालयीन पातळीवर दाद लागत नसेल तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर माजी सैनिक कल्याण विभागाच्या नावे तक्रार नोंदवावी. त्यापुढचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा आहे, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी विभागाकडे लेखी निवेदन दिलेले असावे लागते. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदनावर सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढील सहा महिने मिळतात. विलंबाचे सबळ कारण असल्यास तो माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. त्यामुळे पोचपावत्या, टपालाच्या पावत्या आणि आवक क्रमांक तारखेनुसार एका फाइलमध्ये लावलेले असणे अत्यावश्यक आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले असून, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरातच आहे.