खान नदीत सडतंय ते खत: इंदूरच्या पाण्याची पार्श्वभूमी

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, खान नदी हिरवट-काळी का दिसते असं विचारलं की उत्तर मिळतं, "घाण." घाण आहेच. पण तळ्या-नद्यांचा जीव घुसमटतो तो त्या घाणीतल्या नत्र आणि स्फुरदामुळे, म्हणजे शेतकरी पैसे मोजून शेतात टाकतो त्याच गोष्टींमुळे.

ही द्रव्यं पूर्वी शेणखतातून, मळातून बरीचशी मातीत परत जात. पुढे दोन गोष्टी घडल्या. शहरांनी मैला पाण्यावाटे गटारात सोडला. आणि 1909 मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला; 1913 पासून तो कारखान्यात बनू लागला. शेताला नवं नत्र मिळत गेलं, जुनं नदीत साचत राहिलं.

गंमत अशी की यावरचं शहाणपण इंदुरातच सांगितलं गेलं होतं. होळकर दरबारासाठी 1918 मध्ये नगररचनेचा अहवाल लिहिताना पॅट्रिक गेडिस यांनी नदी साफ ठेवा, मैलापाणी बागांना द्या, असा आग्रह धरला. पुढे 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्याच संशोधन संस्थेत पालापाचोळा, काडीकचरा आणि शेणमुताचं कंपोस्ट करण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच गेली. शहराने मात्र दोघांचंही फारसं ऐकलं नाही. 1978 मध्ये नर्मदेचं पाणी आलं, आणि नळाला जितकं जास्त पाणी, तितकं गटारालाही.

पाण्यात नेमकं काय बिघडतं, हे विज्ञानालाही उशिरा पटलं. अमेरिका-कॅनडा सीमेवरचं ईरी सरोवर 1960 च्या दशकात शेवाळाने भरलं, तेव्हा दोषी कोण यावर वाद झाला. साबण कंपन्यांच्या पावडरींत स्फुरद असे, म्हणून त्या कर्बाकडे बोट दाखवत होत्या. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी कॅनडातल्या एका तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कर्ब आणि नत्र घातलं, स्फुरद एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली.

शेवाळ माजलं की खाली उजेड पोचत नाही, तळातल्या वनस्पती मरतात. शेवाळही मरतं, ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि पहाटे, प्राणवायू सगळ्यात कमी असताना, मासे तरंगू लागतात. जलपर्णी (आपल्याकडे जलकुंभी) पसरली तर हवाही अडते. नाजूक जाती जातात. वर येऊन हवा गिळणारा मांगूर तग धरतो. म्हणून मासे दिसतात एवढ्यावरून तळं निरोगी ठरत नाही.

2022 मध्ये इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आले, 2025 मध्ये इंदूरला पाणथळ शहराची मान्यता मिळाली. मैला आणणाऱ्या नाल्यांची तोंडं बंद करण्याचं कामही खरं आहे. पण साध्या शुद्धीकरण केंद्रातून दुर्गंधी जाते, नत्र-स्फुरद पुरतं जात नाही. यशवंतसागरसारख्या, सारसांचं घर असलेल्या तलावाकडे शेतांतलं खत पावसाच्या पाण्याबरोबर येतं. त्याला बंद करायला तोंडच नाही. शिवाय गाळात बसलेलं स्फुरद तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतं. त्यामुळे बाहेरून येणारं आज थांबवलं तरी तळं पुढची कित्येक वर्षं हिरवं राहू शकतं.